शेवटी आहा-ओहो

दाताच्या दवाखान्यात टीव्ही कशाला लावतात, हे तिला आजवर कळलं नव्हतं. ज्याचं तोंड सुजलंय त्याला हसवून काय मिळवायचंय? पण लावतात, आणि लावतात तोही भिंतीवर इतका उंच, की दाढेबरोबर मानही दुखून यावी. ती डाव्या गालाला तळहात लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. अक्कलदाढ आडवी आली होती. चाळिशी उलटल्यावर अक्कलदाढ, म्हणून सकाळी नवऱ्याने चिडवून घेतलं होतं, "उशिरा का होईना, येतेय एकदाची." त्यावर तीही हसली होती, म्हणजे तोंड जेवढं उघडेल तेवढी हसली होती. आता समोर काचेचं टेबल, त्यावर कोपरे दुमडलेली मासिकं, शेजारी एक लठ्ठ गृहस्थ, त्यांचा गाल तिच्याहून टम्म फुगलेला, आणि दाराशी नावं पुकारणारी मुलगी, जिचे स्वतःचे दात इतके सरळ की मुद्दाम निवडूनच तिला तिथे बसवलं असणार. टीव्हीवर कुठलातरी इंग्रजी विनोदी सिनेमा आपल्या भाषेत बोलत होता. पडद्यावरच्या बाईने नवी कोरी गाडी तळ्याकाठच्या उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढायला विसरली, आणि शेजारणीला गाडीचं कौतुक सांगत बसली. मागे गाडी हळूहळू निघाली. बाईला पत्ताच नाही. "गेली, गेली, गेली," शेजारचे गृहस्थ गाल धरून म्हणाले. गाडी नाक बुडवून पाण्यात शिरली, बाई वळली, आणि ओरडली.

खोली हसली. गृहस्थ हसले आणि हसता हसता कळवळले, नावं पुकारणारी मुलगी हसली, एक म्हातारी कवळी हातात धरून हसली. तिलाही आधी बरंच वाटलं, आत काहीतरी टुणकन उडालं: अगं बाई, हा माझा! आवाज माझा आहे! हे तिच्या बाबतीत अधूनमधून व्हायचंच. बाई दुसरी, संवाद दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, आणि मध्येच एखादी शिंक, एखादी उचकी, एखादी दचकून टाकलेली किंकाळी तिची. घरी जेवताना टीव्ही चालू असला की ती आणि नवरा हा खेळच खेळायचे. "ही शिंक माझी!" "छे, ही त्या दुसरीची. तुझी शिंक दोन मजली असते." त्यामुळे पहिला क्षण ओळखीच्या खुशीत गेला. दुसऱ्या क्षणी तिला कळलं, कुठला आवाज आहे हा. त्या ओरडण्याच्या मध्यावर एक गाठ होती. 'आ' वर चढत जातो, आणि जिथे त्याला वळायचं असतं तिथे वळत नाही, अडकतो, गिळला जातो, आणि पुन्हा सुटतो तेव्हा त्यात आवाज थोडा आणि हवाच जास्त असते. अशी ती जन्मात एकदाच ओरडली होती. टीव्हीवर गाडीचं छप्पर बुडबुडत होतं. ती उठली, पुन्हा बसली, आणि मासिक उघडून त्यातला एकही शब्द न वाचता पान उलटत राहिली.

तिचा धंदा ओरडण्याचाच. परक्या भाषेतले सिनेमे आपल्या भाषेत आणायचे, पडद्यावरच्या बाईचे ओठ हलतील तसा तिच्या तोंडी आपला शब्द घालायचा. संवाद झाले, भांडणं झाली, प्रेमाच्या गोष्टी झाल्या, की दिवसाच्या शेवटी उरायचे ते उद्गार. 'हं', 'ओह', 'आउच', 'वॉव', पडल्याचं, धापा टाकल्याचं, घास अडकल्याचं. ते वेगळे घ्यायची पद्धत, कारण ओरडून एकदा गळा बसला की दिवसभराचे संवाद बोंबलतात. घेतलेले सगळे साठ्यात राहायचे, पुढे कुठल्याही सिनेमात कुणाच्याही तोंडी लावायला. "चला, शेवटी आहा-ओहो उरकून घेऊ," नवरा काचेपलीकडून म्हणायचा. तो ध्वनिमुद्रण करायचा. त्याचे कान इतके तिखट की स्टुडिओत सगळे त्याला कानसेनच म्हणत, तीही रागात आली की तेच म्हणे. लग्नाआधी ती त्याला ऐकूनच ओळखत होती. अंधाऱ्या खोलीत, कानावर हेडफोन, आणि त्या हेडफोनमधून थेट डोक्याच्या मध्यभागी येणारा त्याचा आवाज: "चांगला आला." एवढंच म्हणायचा. फार कमी वेळा म्हणायचा. त्या दोन शब्दांसाठी तिने एकेका 'आउच'मागे जीव काढलाय, आणि खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांशीच तिने लग्न केलंय.

आईला हे काम कधी पटलं नाही, पण आवडायचं. "ओरडायला बोलावतात तुला? गाडी पाठवून?" ती म्हणायची, "मला बाई घरात रोज फुकट ओरडावं लागतं." सुट्टीत ती माहेरी गेली की आई शेजारणींना गोळा करायची. "कर गं ते, जिन्यावरून पडल्यावरचं." आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून जिन्यावरून पडायची, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. एकदा ती ओरडली आणि आई खरंच हातातलं पातेलं टाकून धावत आली. "मेले, जीव घेशील माझा," म्हणाली. मग बराच वेळ छातीवर हात ठेवून पाटावर बसून राहिली. "नाटक आहे हे ठाऊक असतं गं मला," ती म्हणाली, "पण पायांना कोण सांगणार."

उद्गारांचं शास्त्र तिला शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे संवाद लिहिणारे गृहस्थ, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आणि उरलेलं आयुष्य इंग्रजांच्या तोंडून निसटलेल्या शब्दांच्या मागे लावलेले. चहाचा कप हातात आला की त्यांचा वर्ग भरायचा. "इंग्रजांना लागलं, खुपलं, घाबरलं, की ते देवाला हाक मारतात," ते सांगायचे. "मग त्यांना भीती वाटते, उगाच नाव घेतलं म्हणून देव रागावेल. मग ते नाव मोडून ठेवतात. गॉडचं गॉश, गॉडचं गॉली. ब्लायमी म्हणतात ना? म्हणजे देव मला आंधळा करो! म्हणणाऱ्याला पत्ता नसतो, पण तो स्वतःला शाप देत असतो. आपल्याकडे ही भानगड नाही. आपण आईला हाक मारतो. ती रागावत नाही, फार तर म्हणते, डोळे फुटले होते का?" तिला ते सगळंच आवडायचं. 'ऊप्स' हा बहुधा पडलेल्या पोराला उचलतानाच्या लाडातून आलेला, 'आउच' बहुतेक शेजारच्या भाषेतून उसना आणलेला. "दुखायचं आपण आणि शब्द उसना, काय म्हणावं या लोकांना!" आणि 'अलास', ज्याला शाळेत सगळ्यांनी 'हाय रे दैवा' म्हणून पाठ केलं, त्याच्या पोटात मूळ शब्द होता 'थकले'. एवढंच. हाय नाही, दैव नाही. थकले मी.

पण शास्त्र एकीकडे आणि ओठ एकीकडे. पडद्यावरची बाई 'ओह' म्हणते तेव्हा तिचं तोंड गोल होतं, आणि आपली बाई त्याच प्रसंगाला 'आई गं' म्हणून तोंड ताणून उघडणार. ते जुळत नाही. 'अगं बाई'ला तर ओठ मिटावे लागतात. मास्तर डोकं धरून बसायचे. "त्यांची तोंडं गोल, आपले उद्गार चौकोनी," म्हणायचे, "कसे बसवायचे, तूच सांग पोरी." मग ती गोल तोंडाने दुःख करायला शिकली. आरशासमोर, बसमध्ये खिडकीकडे तोंड करून, भाजी चिरताना. ओ. ओऽ. ओहो. भाजीवाल्याने एकदा विचारलंही होतं, काही दुखतंय का म्हणून.

नावं पुकारणाऱ्या मुलीने तिचं नाव पुकारलं. डॉक्टर तरुण होता, हातमोजे चढवता चढवता हवापाण्याबद्दल बोलणारा. "आ करा," तो म्हणाला. तिने आ केला. त्याने सुई टोचली, आणि ओठाचा डावा कोपरा, मग जीभ, मग हनुवटीचा अर्धा भाग हळूहळू तिच्या मालकीचा राहिला नाही. "दुखलं तर ओरडू नका हं, नुसता हात वर करा. बाहेरचे पेशंट घाबरतात." तिने मान हलवली. डोळ्यांवर पिवळा दिवा होता. तोंड उघडं, दिवा डोळ्यांवर, आणि कुणीतरी सांगेल तेव्हा आवाज करायचा किंवा करायचा नाही; हे सगळं तिला इतकं ओळखीचं होतं की तिला त्या खुर्चीतून पळून जावंसं वाटलं. डॉक्टर दाढेशी झटत होता. दुखत काहीच नव्हतं, नुसती ओढ लागत होती, लांबवर कुणीतरी जमिनीतून खुंटा उपटावा तशी. आणि त्या ओढीबरोबर तो दिवस वर येऊ लागला.

तो दिवस तिला पाठ होता. तिने तो इतक्या जणांना सांगितला होता. आई दवाखान्यात होती, दूर, माहेरच्या गावी, ताई तिच्याजवळ होती. सुधारतेय, ताई म्हणाली होती, काल पेज मागून घेतली. म्हणून ती कामाला आली होती. सिनेमा गंभीर होता. दार उघडतं, दारात पोलीस उभा असतो, तो काहीतरी सांगतो आणि बाई म्हणते, ओह नो. म्हणते काय, तिच्या तोंडून निघून जातं ते. सकाळपासून ते जमत नव्हतं. 'नो'चं काहीही करता येतं, पण आधीचा तो 'ओह'. "अजून एक," काचेपलीकडून आवाज. "अजून एक." "गळ्यातून येतोय, आतून नाही." मास्तर त्याच्या शेजारी कागद घेऊन बसले होते आणि मधूनच तिच्याकडे बघून अंगठा दाखवत होते, बिचारे. मग फोन आला. ताईचा. आणि नवऱ्याने तिला सांगितलं, स्वतः, तिच्या कानात, हलक्या आवाजात: आई गेली. आणि ती ओरडली. आणि तो आत आला, दार ढकलून, आणि तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढायचंही त्याला सुचलं नाही, तशीच तिला छातीशी धरून उभा राहिला, तिच्या कानांवरच्या त्या काळ्या वाट्यांसकट. ती सगळ्यांना हे सांगायची. ताईला सांगितलं, मावशीला सांगितलं, भांडण करून रुसून बसल्यावर स्वतःलाही सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू दिलं नाही गं त्याने मला. लग्नात कुरबुरी काय कमी झाल्या? पण प्रत्येक वेळी ती त्या खोलीत जाऊन परत यायची, त्या मिठीला हात लावून यायची, आणि म्हणायची, जाऊ दे. या माणसाने मला आईचं सांगितलंय.

"अजून थोडं मोठं तोंड," डॉक्टर म्हणाला.

आणि त्या पिवळ्या दिव्याखाली तिला तो लाल दिवा दिसला. मायक्रोफोनच्या वर भिंतीला एक लाल दिवा असतो. मुद्रण सुरू असलं की तो लागतो, नाही तर नाही. दिवा लागल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द निघत नाही, इतकी सवय. नवीन असताना घरी चहा मागायचा तरी नजर आधी भिंतीकडे जायची, आणि नवरा हसून लोळायचा. त्या दिवशी तिने ओठ ओले केले होते. हे तिला आठवलं. फोननंतर तिने ओठांवरून जीभ फिरवली होती आणि उजवा हात थोडा वर केला होता. हे ती कधी करते? तयार असली की. म्हणजे त्याने विचारलं होतं. काय विचारलं होतं? खुर्चीचे हात तिने घट्ट धरले. ती आतल्या खोलीतून काचेपलीकडे बघत होती. तिचा फोन नेहमीसारखा बाहेर त्याच्या टेबलावर होता, आत नेऊ देत नाहीत. त्याने तो उचलला. उभा राहिला. पाठ केली. मास्तरांनी कागदावरून मान वर केली. त्याने फोन पालथा ठेवला, अगदी हळू, आणि खाली बसला. मास्तर काहीतरी बोलले, त्यांचे ओठ हलले. त्याने एक बोट वर केलं. मग त्याने तिच्याकडे बघितलं, काचेतून, कितीतरी वेळ, आणि तिला वाटलं होतं वैतागलाय बिचारा. मग दिवा लागला. मग हेडफोनमध्ये त्याचा आवाज: "एक शेवटचा घेऊ. तयार?"

आणि तिने हात वर केला होता. तयार.

हे सगळं तिने पाहिलेलंच होतं. कुणी लपवलेलं काही शोधून काढायचं नव्हतं. सगळे तुकडे तिच्याकडेच होते, फक्त तिने ते कधी ओळीने लावले नव्हते. मिठी आधी, सांगणं मग, आणि बाकीचं काही नाहीच, असं तिने ते मांडून ठेवलं होतं. चूक म्हणजे तरी काय होती तिची? ज्याला आपण जीव लावतो त्याच्या हालचालींची कोण ओळ लावत बसतं? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कानांत शिरायला लागलं. डॉक्टर घाबरला. "दुखतंय? अहो, हात वर करायचा ना!" तिने मानेने नाही म्हटलं. हात ती कशाला वर करतेय आता.

कापसाचा बोळा दाताखाली धरून ती रस्त्यावर आली तेव्हा दुपार होती आणि लोक जेवणं उरकून परत कामाला निघाले होते. अर्धं तोंड बधिर. आणि सगळा रस्ता उद्गारांनी भरलेला. एका मुलीच्या हातातलं आइस्क्रीम पडलं आणि ती म्हणाली, "ओ शिट!" आणि लगेच आपल्या आईकडे बघून जीभ चावली. सायकलवाल्याला कुणीतरी "अबेऽ" म्हणालं. दोन म्हाताऱ्या भेटल्या आणि एकमेकींना "अय्या!" म्हणाल्या, शाळकरी पोरींसारख्या. कुणी यातलं काही ठरवून म्हणत नव्हतं. हेच तर मास्तर शिकवायचे, की भाषेतला सगळ्यात प्रामाणिक माल हा. बाकीचं माणूस निवडून बोलतो, हे निसटतं. निसटलेलं उचलून ठेवायला मात्र कुणीतरी शेजारी बसलेला लागतो. तिला वाटलं, त्या सिनेमात तरी वापरला असता! त्या दारातल्या बाईच्या तोंडी, तिच्या गेलेल्या माणसासाठी, तर आईचं काहीतरी झालं असतं. पण नाही. ती माहेरहून परत आली तेव्हा ते वाक्य दुसऱ्याच मुलीच्या आवाजात होऊन गेलं होतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. आज तिला कळलं, का ते. पडद्यावरच्या बाईचं तोंड गोल होतं. आणि तिचा आवाज 'आ' होता. 'आई गं'मधला 'आ'. पुढचं तोंडातून आलंच नाही, कारण हाक मारायची तिलाच, आणि तीच नव्हती. ती गाठ म्हणजे तेवढंच होतं. ओठ जुळले नाहीत म्हणून बाजूला ठेवला गेला, आणि त्यात कुठला शब्दच नव्हता म्हणून कुठेही चालून गेला. गाडी बुडाली, वापरा. उंदीर आला, वापरा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापलेल्या गळ्यातून आला तो आवाज पुन्हा साठ्यात.

मास्तर स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले होते. आता थकले होते, हात कापायचा, तरी यायचे. "आलीस? निघाली का अक्कल?" त्यांनी विचारलं. तिने बोळा काढून रुमालात गुंडाळला. बोलताना ओठाचा अर्धा भाग मागे राहत होता.

"मास्तर, आधी फोन की आधी दिवा?"

त्यांना कळलं. इतक्या वर्षांनी, असल्या लुळ्या उच्चारात विचारलेलं त्यांना एका दमात कळलं, म्हणजे ते त्यांनी रोज जवळ बाळगलं असणार. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला, धोतराऐवजी पँट घालायला लागून जमाना झाला तरी काचा पुसायला धोतराचं टोक शोधावं तसा हात मांडीवर फिरवला. "तुला सांगतो, 'अलास' हा शब्द बघ," ते म्हणाले. "लोक त्याला ओरडण्याचा शब्द समजतात. पण त्याचं मूळ—"

"मास्तर."

"थकण्यात आहे," त्यांनी वाक्य पुरं केलं. मग म्हणाले, "मी म्हणालो होतो त्याला. पोरीला आधी बाहेर बोलव. तो म्हणाला, एक मिनिट."

"आणि तुम्ही?"

"मी एक मिनिट थांबलो गं." त्यांचे डोळे चष्म्याशिवाय लहान आणि ओले दिसत होते. "मग तू ओरडलीस. मग कुठल्या तोंडाने सांगू? नंतर तू सगळ्यांना सांगायचीस, याने मला कसं जपून सांगितलं. तुझा चेहरा बघून वाटायचं, राहू दे. तेवढंच आहे पोरीकडे." म्हणजे त्यांनीही जपलंच होतं. सगळ्यांनीच तिला जपलं होतं. तिला त्यांचा इतका राग आला की तो कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला, आणि तिने तो फक्त टेबलाच्या कडेपासून आत सरकवला, कारण त्यांचा हात कापत होता आणि तो पडला असता.

नवरा बसायचा त्या खोलीचं दार जाड, आत कापूस आणि कडेला रबर भरलेलं, वजनाने माणसासारखं. त्याचा पंप कधीचा बिघडलाय, सोडलं की धाडकन बसतं. म्हणून इथे एक रीत होती: पुढे जाणाऱ्याने दार धरून ठेवायचं, आणि मागच्याने "आलो" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आधी हे शिकवतात, मग मायक्रोफोन. ती आत गेली. नवरा एकटाच होता, पडद्यावर कुठल्याशा कुत्र्याचं भुंकणं जुळवत. "झालं? दुखतंय का? थांब, तुला आइस्क्रीम मागवतो," तो म्हणाला आणि खरोखर फोनकडे हात नेला. तो तसा प्रेमळच होता, ही तर गंमत होती.

"आई गेली तेव्हाचा तो," ती म्हणाली, "गाडी तळ्यात बुडते त्याला लावलायस."

"काय? नीट बोल, कळत नाहीये."

तिने हाताने ओठ धरून पुन्हा सांगितलं. त्याचा हात फोनवर राहिला. कुत्रं पडद्यावर तोंड उघडून थांबलं होतं. "मी नाही लावला," तो म्हणाला. "साठा सगळेच वापरतात. कुणीतरी घेतला असेल."

"साठ्यात कुणी टाकला?"

त्याने फोन बाजूला सरकवला.

"दिवा आधी लावलास तू. मला तयार का म्हणून विचारलंस. आणि मग सांगितलंस."

"मुद्दाम नाही गं." तो उठला नाही, खुर्चीतच तिच्याकडे वळला. "सकाळपासून अडकली होतीस तू. फोन ठेवला आणि माझं डोकंच चालेना. सांगायचं तर आहेच, मग वाटलं..." ते 'वाटलं' तिथेच लोंबकळत राहिलं. "आणि मी तो त्या सिनेमात वापरला का सांग? नाही वापरला ना?"

"तोंड जुळलं नाही म्हणून."

यावर तो काही बोलला असता, कानावर हात ठेवले असते, भांडला असता, तर कदाचित तिच्या हाताला काहीतरी लागलं असतं धरायला. पण तो बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि त्याने त्या जुन्या, डोक्याच्या मध्यभागी येणाऱ्या आवाजात सांगितलं, अगदी मनापासून: "चांगला आला होता गं. तसा परत कुणाला जमला नाही. तुलासुद्धा."

तिच्या मनात आईचं पातेलं वाजलं. स्वयंपाकघरातून धावत आलेली आई, छातीवर हात, पायांना कोण सांगणार. नाटकालासुद्धा धावली होती ती. आणि हा, खरं माहीत असताना, काचेपलीकडे बसून राहिला. ओरडून पुरं होईपर्यंत बसला, शेवटची हवा येईपर्यंत, आणि मग उठला, दार ढकललं आणि मिठी मारली. ती मिठीसुद्धा मुद्रण थांबवून मग मारली असणार. त्याशिवाय शेवट स्वच्छ कसा राहील? तिला रडू आलं नाही. ओरडायलाही आलं नाही. नुसतं कळलं की तिला बसायला जागा नाही, या खोलीत नाही आणि घरीही नाही. अलास, मास्तर म्हणतात ते एवढंच असणार. ती वळली.

"अगं थांब. ऐक तरी. काढून टाकतो मी तो, आत्ता, तुझ्यादेखत," तो म्हणत होता, आणि खुर्ची सरकल्याचा, घाईने उठल्याचा आवाज आला. तिने दार ओढलं, बाहेर पाय टाकला. हात सवयीने दाराच्या कडेवर राहिला होता. मागे त्याची पावलं. तो अजून "आलो" म्हणाला नव्हता. तिने हात काढून घेतला. दार धाडकन बसलं.

"आई गं!"

मास्तर चहा सांडत उठले. ती होती तिथेच उभी राहिली, दाराकडे पाठ करून, आणि तिने ऐकलं. सुरुवात स्वच्छ होती. मध्ये गाठ नव्हती. 'आई' पूर्ण होती आणि 'गं'ही पूर्ण होता. त्याची आई अजून आहे, धडधाकट आहे. रुमालातला बोळा तिने पुन्हा दाताखाली धरायला उचलला, आणि धरण्याआधी त्या अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाली, "चांगला आला." मग ती बाहेर पडली.